मालकाला बोलवा

आमच्या विभागात नवीन विद्यार्थी आला की सर त्याला मार्क विचारायचे नाहीत, गावही विचारायचे नाहीत. विचारायचे, "घरी सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी काय करतात?"

माझ्या वेळी हा प्रश्न मला लागला. महूहून बसनं इंदूरला आले होते, सोबत पप्पा होते. असल्या आडून विचारलेल्या प्रश्नांतून लोकांना नक्की काय काढून घ्यायचं असतं, ते आम्हा दोघांनाही चांगलं माहीत होतं. मी तोंड उघडायच्या आतच पप्पा म्हणाले, "आम्ही बौद्ध आहोत, सर." आजोबा फौजेत होते, तो आवाज पप्पांच्या गळ्यात कधीकधी यायचा. त्या दिवशी आला.

"वा," सर म्हणाले. "म्हणजे ते यांना येतं. मग दोन वर्षं यांनी ते सोडून बाकी सगळं शिकायचं." आणि शिपायाला तीन चहा सांगितले.

परतताना बसमध्ये पप्पांनी तिकिटं काढली. मग म्हणाले, "माणूस सटकलेला आहे. पण बुरा नाहीये."

तौलनिक धर्म विभाग म्हणजे लायब्ररीच्या मागच्या दोन खोल्या. एकीत वर्ग भरायचा, दुसरीत सर बसायचे. येणारे विद्यार्थी कसे? कोणाला दुसरीकडे ॲडमिशन मिळालेली नसायची, कोणाला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला होस्टेलची खोली हवी असायची, एखादे रिटायर झालेले गृहस्थ घरी सुनेशी पटत नाही म्हणून यायचे. धर्म शिकायचा म्हणून ठरवून आलेला विद्यार्थी मी तरी पाहिला नाही. मीसुद्धा तशी नव्हते. तरी त्यातले बरेच जण टिकायचे. मी तर इतकी टिकले की शिक्षण संपल्यावर तिथेच अतिथी विद्वान म्हणून लागले. आमच्या मध्य प्रदेशात कंत्राटी प्राध्यापकाला असं गोड नाव आहे. पाहुण्यानं करावी तशी दरवर्षी नव्या आमंत्रणाची वाट बघायची आणि आलं की हुश्श करायचं.

सर मल्हारगंजात राहायचे, एका नमकीनच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या गल्लीत त्यांना 'धर्मवाले सर' म्हणत. पहाटेची अजान, मग देवळातली घंटा, मग जैनांची प्रभातफेरी, असं सगळं त्यांच्या खिडकीखालून जायचं. "मल्हारगंजात राहणाऱ्याला कान पुरतात," ते म्हणायचे, "पुस्तकं नंतर." खालच्या दुकानाचा परिणाम म्हणा किंवा काही म्हणा, ते सगळ्यावर शेव घालून खायचे. वरणभातावर इंदुरात कोणीही घालतं. सर श्रीखंडावर घालायचे.

विभागाच्या भिंती कोऱ्या होत्या. दिवाळीला, ईदला, नाताळला कुठून कुठून कॅलेंडरं यायची, कोणी कोणी नेत्यांच्या तसबिरी आणून द्यायचं. सर आभार मानून घ्यायचे आणि लगेच कोणालातरी देऊन टाकायचे. "याला जिथे रोज हार मिळेल अशा घरी द्या. इथे बिचाऱ्यावर धूळ बसेल."

एकदा एक नवा मुलगा वर्गाबाहेर चपला काढून आत आला. धर्माचा वर्ग आहे म्हणून बिचाऱ्यानं अदबीनं काढल्या होत्या. सरांनी त्याला परत पाठवून घालायला लावल्या. स्वतः ते देवळात, मशिदीत, गुरुद्वारात कटाक्षानं अनवाणी जायचे, डोकं झाकायचं असेल तिथे खिशातला रुमाल बांधायचे. पण वर्गात नाही. म्हणाले, "इथे वाद घालायचा असतो. अनवाणी माणूस नीट भांडत नाही."

वर्गात कोणी 'अपने यहाँ' असं म्हणालं की सर वळून मागे बघायचे, जणू तिथे कोणी उभं आहे. "किसके यहाँ? पता बताओ." हे इतक्या वेळा झालं होतं की शेवटी मुलं एकमेकांनाच पत्ता विचारायला लागली.

पण सरांची सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे तोंडी परीक्षा. इतर विभागांत बाहेरचा परीक्षक येतो. आमच्याकडे तोही यायचा, पण त्याच्या शेजारी आणखी एक खुर्ची असायची. ती मालकाची. विद्यार्थ्याला जो धर्म दिला असेल, तो पाळणाऱ्या माणसाला सर शहरातून बोलावून आणायचे. विद्यार्थ्यानं त्याच्यासमोर त्याच्या धर्मातली एक गोष्ट समजावून सांगायची. ती ऐकून त्या माणसानं "हो, असंच आहे आमचं" म्हटलं तर पास. "तज्ज्ञ पुष्कळ मिळतात," सर म्हणायचे. "मालकाला बोलवा. त्याच्या घराबद्दल बोलताय तर त्याला घर ओळखू आलं पाहिजे."

माझ्या वाट्याला जैनांचे पर्युषणातले उपवास आले होते. मालक म्हणून शहरातले एक नामी सीए आले होते, पांढरा शर्ट, गळ्यात चष्मा. मी खूप तयारी केली होती. देह झिजवणं, कर्म गळून पडणं, क्षमा मागणं, सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "बहनजी, सब सही है. एक भी बात गलत नहीं है. लेकिन आपने हमको बहुत दुखी बता दिया. हम तो उन दिनों बड़े खुश रहते हैं."

परीक्षकांनी मान डोलावून मला चांगले मार्क दिले. सरांनी त्यांच्या हातचे कापले. नंतर मी विचारलं तर म्हणाले, "दुःख तुमचं होतं. ते तुम्ही त्यांच्या अंगावर घातलंत."

मला राग आला होता. पण ते मी अजून कोणाला शिकवताना विसरू शकत नाही.

सरांचे एकुलते एक मित्र म्हणजे फिजिक्सचे एक प्राध्यापक. तेही मराठीच, पक्के नास्तिक. दोघं संध्याकाळी लालबागेकडे फिरायला जायचे आणि एकमेकांना इंदुरी थाटात भिया, म्हणजे भैया, म्हणायचे. कधी काही काम निघालं तर मीही तिथे जाऊन त्यांच्या मागे मागे चालायचे. वाद ठरलेला असायचा.

"भिया, विद्यापीठ सरकारी. सरकार कुठल्याच धर्माचं नाही. मग तुझा विभाग इथे करतोय काय?"

"तेच तर. जिथे कुठलाच धर्म मालक नाही, तिथेच सगळे नीट बघता येतात. मठात बसून मी शेजारच्या मठाबद्दल काय सांगणार?"

"लोकांनी धर्म घरात ठेवावा."

"ठेवत नाहीत ना. रस्त्यावर आणतात. मग रस्त्यावर आलेल्या गोष्टीचा अभ्यास नको? तुझी वीज घरात ठेवली म्हणून फिजिक्स बंद करतोस का?"

फिजिक्सवाले सर हसायचे, सर हसायचे, आणि दोघं कोपऱ्यावर मक्याचं कणीस घ्यायचे. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं. माझ्या मनात ते चित्र तसंच राहिलं असतं तर बरं झालं असतं.

मग ती क्लिप निघाली.

वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, न मानता धर्म शिकवता कसा येईल? प्रश्न चांगला होता आणि सरांनी उत्तरही लांबलचक दिलं. मी मागच्या बाकावर बसले होते. ते म्हणाले, जो मानतो त्याच्याकडे असं काहीतरी असतं जे माझ्याकडे नाही, हे मी आधीच कबूल करतो. मी त्याच्या दारापर्यंतच जाऊ शकतो. पण दारापर्यंत तरी जायला हवं. मग म्हणाले, "डॉक्टर को हर बुखार खुद को आना ज़रूरी है क्या? समझना ज़रूरी है."

कोणीतरी फोनवर घेत होतं. संध्याकाळपर्यंत ते शेवटचं वाक्य तेवढं शहरभर फिरलं. वर लिहिलेलं होतं, प्रोफेसरनी धर्माला बीमारी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी एका मंडळाची मुलं विभागात आली. कुठल्या मंडळाची ते सांगत नाही. क्लिपमध्ये कुठल्याच धर्माचं नाव नव्हतं, त्यामुळे कोणीही येऊ शकलं असतं. हे आधी पोचले एवढंच. सर उठून उभे राहिले आणि खरोखर आनंद झाल्यासारखे म्हणाले, "आइए, बैठिए. मालक आ गए."

खुर्च्या कमी पडल्या, तर वर्गातून बाकं आणवली. चहा सांगितला. त्यांच्यातल्या पुढाऱ्याला, असेल पंचविशीचा, सरांनी तोच प्रश्न विचारला, घरी सकाळी आधी काय होतं. तो गोंधळला. म्हणाला, मम्मी प्रार्थना करतात, तोपर्यंत चहासुद्धा घेत नाहीत.

"चाय के पहले क्यों?"

"ऐसे ही. पहले से है."

मग सर बोलायला लागले. दिवसातली पहिली गोष्ट आपण स्वतःसाठी ठेवत नाही, ती देऊन टाकतो, म्हणजे नंतरचा सगळा दिवस आपल्याला मिळाल्यासारखा वाटतो. तुमच्या आईला त्या चहाची चव आपल्यापेक्षा वेगळी लागत असणार, असं काही काही. हळू आवाजात, त्या एकट्यालाच सांगावं तसं. पुढारी खाली बघत होता. म्हणाला, "हाँ सर. ऐसा ही है."

मला वाटलं, झालं. सरांची तोंडी परीक्षा सर पास झाले.

तेवढ्यात तो उठून म्हणाला, "पर वीडियो तो चला गया ना, सर. अब माफी का भी वीडियो लगेगा." आवाजात राग नव्हता. उलट जरा अडचणीत पडल्यासारखा बोलत होता. त्यालाही पुढे कोणालातरी दाखवायचं असणार.

सरांनी चष्मा पुसला. फोनकडे बघून हिंदीत म्हणाले, "धर्मासाठी मी तापाची उपमा दिली. उपमा भिकार होती. विद्यार्थ्यानं दिली असती तर मी मार्क कापले असते. ज्यांना लागलं त्यांची माफी मागतो."

"हाथ जोड़ के, सर."

सरांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी फिजिक्सवाले सर दार ढकलून आत आले. बसले नाहीत. "आम्ही तुझ्या बाजूनं निवेदन काढणार होतो. सह्या झाल्या होत्या. आणि तू हात जोडलेस?"

"उपमा खरंच वाईट होती, भिया."

"उपमा गेली खड्ड्यात! उद्या माझ्या वर्गात येतील. तू सगळ्यांना वाकायला शिकवलंस."

"धर्माला तापच म्हणालो मी. तुझं मत तेच आहे. माझं नाही. तुझ्या मतासाठी मी कसा अडून बसू?"

ते निघून गेले. लालबागेची फेरी त्या दिवसापासून बंद झाली. सर काही दिवस एकटे जाऊन आले, मग त्यांनीही सोडलं. तेव्हापासून मी त्यांना दोन तासांच्या मधे डोळे मिटून खुर्चीत बसलेले बघायला लागले. झोप नसायची ती. कोणी आत आलं की न उघडता ओळखायचे. म्हणायचे, "बोला, ऐकतोय." पूर्वी ते समोरच्याला बोलायला फार कमी वाव द्यायचे.

विभाग बंद करायचं ठरलं ते विद्यापीठाच्या त्यानंतरच्या विद्वत सभेत. मी काही तिथे नव्हते, सरांनीच येऊन सांगितलं. एका बाजूचे म्हणाले, सरकारी पैशावर धर्म शिकवणं गैर आहे, बंद करा. दुसऱ्या बाजूचे म्हणाले, श्रद्धा नसलेल्या माणसांनी धर्म शिकवणं गैर आहे, बंद करा. कुलगुरू भले गृहस्थ होते, त्यांना कोणालाच दुखवायचं नव्हतं आणि आमच्याकडे मुलंही कमी होती. सगळे हात एकदम वर गेले.

"मी आयुष्यभर या दोन बाजूंना एका खोलीत आणायचं बघत होतो," सर म्हणाले. "आज जमलं." आणि डोळे मिटून बसले.

माझी नोकरीही त्यातच जाणार होती, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

शेवटच्या तुकडीला पूर्ण करू दिलं. आता त्या खोल्यांत वेलनेस सेंटर आहे. मुलं चटया टाकून दीर्घ श्वास घेतात, भिंतीवर समुद्राचं चित्र आहे. मी कॉम्प्युटरवाल्या मुलांना 'मानवी मूल्ये' शिकवते. सक्तीचा पेपर आहे, चार पर्यायांतून एक निवडायचा. 'क्षमा म्हणजे काय' याचेही चार पर्याय असतात. मुलं चटाचट सोडवतात आणि वर्गात कोणी काही विचारत नाही. भांडणं तर लांबच राहिली. महूला परतताना बसमध्ये मला झोप लागते. सर रिटायर झाल्यावर नाशिकला मुलीकडे गेले आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच वारले. आम्हाला कळलं तेव्हा सगळं आटपलं होतं. फिजिक्सवाल्या सरांचा मला फोन आला. ते नुसतं "कळलं का?" म्हणाले आणि फोन ठेवला.

एक दिवस मात्र सांगायचा राहिला. ती शेवटची तुकडी चालू असतानाचा.

सर घरचं कधी बोलायचे नाहीत. काकू आहेत, फार देवधर्म करतात, एवढं ऐकून माहीत होतं. त्या टर्ममध्ये त्या अचानक गेल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा घर नातेवाइकांनी भरलेलं होतं, सर कोपऱ्यात बसून होते, गुरुजी सांगतील ते करत होते. तेरावं झाल्यावर ते विभागात आले. डोक्याचं मुंडण केलेलं. सगळे विधी त्यांनी एकही न गाळता केले होते म्हणे.

आमच्या व्हरांड्यातल्या एका प्राध्यापकांनी मोठ्यानं समाधान व्यक्त केलं, "चला, आखिर घर लौट आए." समोरच्या कँटीनमध्ये दुसरे कोणी म्हणाले, "बघा, वेळ आली की सगळे तिथेच." दोन्हीकडचे लोक त्यांच्या डोक्याकडे बघून आपापलं जिंकल्यासारखं बोलत होते. आणि मीही काही वेगळी नव्हते. माझ्या आजोबांनी हेच सगळं सोडलं होतं, सोडताना घरातल्या म्हाताऱ्यांशी भांडण घेतलं होतं. आमच्या घरी ती गोष्ट पराक्रमासारखी सांगतात. सरांना तसं बघून मला आतून काहीतरी लागलं. फसल्यासारखं वाटलं.

तास संपल्यावर मुलं गेली. सर टेबलापाशीच बसले. मी बाहेर पडायला हवं होतं, पण विचारलंच.

"सर, तुम्ही हे मानता?"

त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. सवय नसल्यासारखा तो मधेच थांबला.

"ती मानत होती," ते म्हणाले. "गेली ती ना. मी थोडाच गेलो."

मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे काय करतात? मी शिकवलंय ते, मला माहीत आहे. पण तुम्ही सांगा."

"पुण्यानुमोदन करतो," मी म्हणाले. "त्रिशरण, पंचशील घेतात. भंतेजी असले तर ते सूत्र म्हणतात. मग लोक बोलतात."

"कशाबद्दल?"

"गेलेल्या माणसाबद्दल. घरचे, शेजारचे, कोणीही उठतं. कसं होतं माणूस ते सांगतात. माझी आजी गेली तेव्हा तिची सगळ्यात मोठी भांडणं जिच्याशी झाली ती शेजारीणच सगळ्यात जास्त बोलली. आम्ही रडता रडता हसत होतो."

सर ऐकत होते. डोळे उघडे होते.

"आमच्याकडे बोलायला जागाच नव्हती कुठे," ते म्हणाले. "सतत काहीतरी करायचं होतं. हे पाणी सोडा, ते पान मांडा. बरंच झालं, हाताला काम होतं. पण तेरा दिवस झाले, तिच्याबद्दल मी एक शब्द बोललो नाही. कोणी विचारलंच नाही." मग जरा संकोचून, एखाद्या परक्या घरात पाणी मागावं तसं, म्हणाले, "मी बोललो तर चालेल?"

मी पुढच्या बाकावर बसले. पर्स मांडीवर घेतली.

सर उभे राहिले. आयुष्यभर त्या जागी उभे राहून बोललेला माणूस, पण सुरुवात कुठून करायची ते त्यांना सापडत नव्हतं. त्यांनी टेबलाची कड धरली.

"स्कूटरवर मागे बसली," शेवटी ते म्हणाले, "आणि पुलावरून उतार लागला, की ती हसायची. कारण काही नाही. मी विचारलं तर तिलाही सांगता यायचं नाही. नुसता उतार लागला की हसायची."